आळस कीं विकार ?

घरांतील कर्ता पुरुष उतारवयांत दिवसभर एकाच खुर्चींत बसून राहूं लागला, हांकेस उशिरानें ओ देऊं लागला, स्नानास उठा म्हणून तीनदां सांगावें लागलें, म्हणजे घरचीं माणसें बहुधा "यांस आतां आळस जडला" किंवा "यांचा हट्ट वाढला" असें निदान करून मोकळीं होतात. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं जावें, हे उद्गार कानीं पडतातच. त्यांनीं एखाद्या वृद्धावर अन्याय तर होत नाहीं ना, याचा विचार या खेपेस करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपले नैयायिक कृतीचा क्रम असा लावतात: प्रथम ज्ञान, मग इच्छा, मग प्रयत्न. समोर पाणी आहे हें ज्ञान. तें प्यावें ही इच्छा. पेल्याकडे हात नेण्याचा उद्योग हा प्रयत्न. निरोगी माणसास या पायऱ्या निरनिराळ्या म्हणून जाणवतहि नाहींत. परंतु इच्छेपासून प्रयत्नापर्यंत पोंचण्यास मेंदूंत एक वाट आहे, आणि त्या वाटेवरील एक मोठें ठाणें म्हणजे पुच्छकेंद्रक होय.

पुढें जाड डोकें, मग निमुळतें होत वळत गेलेलें शेपूट, अशी याची आकृति. म्हणून शारीरशास्त्रज्ञांनीं लॅटिन भाषेंतील शेपटावरून यास 'कॉडेट' हें नांव दिलें. मेंदूच्या उजव्या व डाव्या अर्धांत खोलवर असें एकेक केंद्रक असतें. शेजारींच पुटामेन नांवाचें दुसरें केंद्रक आहे. दोघांतील कामाची वांटणी स्थूलमानानें सांगतां येते. आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे सरावलेली बाई शेजारणीशीं बोलतां बोलतां बोंडांतून कापूस काढीत जाते. ही अंगीं मुरलेली संवय मुख्यत्वें पुटामेनकडे. आज आरंभ कोणत्या ओळीपासून करावा, आभाळ भरून आलें तर काय सोडून काय धरावें, कालच्या अनुभवावरून आज काय बदलावें, ही निवड व हा आरंभ यांत पुच्छकेंद्रकाचा वांटा मोठा.

हें केंद्रक दुखावलें तर काय होतें? लंडन येथील कैलाश भाटिया व डेव्हिड मार्सडेन यांनीं १९९४ सालीं अशा केंद्रकांस इजा झालेल्या २४० रुग्णांच्या प्रसिद्ध हकीकती एकत्र करून तपासल्या. पुच्छकेंद्रकास इजा झालेल्यांत सर्वांत अधिक आढळलेला विकार हातापायांचा नव्हता, तर निरुत्साहाचा होता. असा रुग्ण विचारलें तर बोलतो, आपणहून बोलत नाहीं. ताट वाढलें तर जेवतो, भूक लागली असें म्हणत नाहीं. ज्ञान शाबूत असतें; प्रयत्न तेवढा सुरू होत नाहीं. मेंदूंतील बारीक रक्तवाहिनी बंद पडूनहि असें घडतें. म्हणून माणूस एकाएकीं असा झाला, तर त्याची समजूत घालीत न बसतां त्याच दिवशीं, त्याच घटकेस रुग्णालय गांठावें; त्या विकारांत गेलेला प्रत्येक तास मोलाचा असतो.

अमेरिकन वैद्य जॉर्ज हंटिंग्टन यानें १८७२ सालीं वर्णिलेल्या विकारांत हें केंद्रक हळूहळू झिजत जातें. अंगास न आवरणारे हेलकावे बसतात, आणि त्यापूर्वीं कित्येक वर्षें स्वभाव चिडखोर झालेला असूं शकतो. हा रोग आनुवंशिक आहे. रोग्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. त्याचें मूळ असलेला जनुक १९९३ सालीं सांपडला.

याहून पुष्कळ अधिक आढळणारा विकार कंपवाताचा. त्यांत केंद्रक जागेवर असतें, परंतु मेंदूच्या तळाकडील कृष्णद्रव्यांतून त्यास पोंचणारें डोपामिन आटतें. पुटामेनची हानि अधिक, पुच्छकेंद्रकाची त्यामागून. व्हिएन्ना येथील एहरिंगर व हॉर्निकीविच यांनीं १९६० सालीं ही उणीव दाखविली. हाताचा कंप सर्वांस ठाऊक असतो. परंतु उंबरठ्याशीं पाऊल खिळणें, अक्षर बारीक होत जाणें व चेहऱ्यावरील भाव मावळणें हींहि त्याचींच लक्षणें. घरचीं माणसें मात्र म्हणतात, "रुसले आहेत."

आपल्या वैद्यकांतील कपिकच्छु, म्हणजे कुंपणावरची खाजकुयली, हिच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं लेव्होडोपा वेगळें काढलें. शरीरांत त्यापासून डोपामिन होतें, आणि तेंच आज कंपवाताचें प्रमुख औषध आहे. मुंबईच्या वैद्य-डॉक्टरांनीं या बियांचा रुग्णांवरील अनुभव १९७८ सालीं प्रसिद्ध केला. याचा अभिमान अवश्य वाटावा. परंतु बाजारांतून चूर्ण आणून मनास येईल तसें देऊं नये. बियांतील औषधाचें प्रमाण सारखें नसतें. गोळ्या चालू असतां त्यांत भर पडली तर ओकाऱ्या, भ्रम, अंगाचे झटके असे उपद्रव होतात.

प्रत्येक स्वस्थ बसलेला वृद्ध या विकाराचाच रोगी असें मात्र समजूं नये. शोक, मनाची खिन्नता, थायरॉइडची मंदता, चालू असलेलीं कांहीं औषधें, यांनींहि माणूस असाच दिसतो. तो निवाडा डॉक्टरांचा. घरच्यांनीं आपल्याकडून कांहीं गोष्टी कराव्यात. "उठा, उठा" असा धोशा न लावतां हात पुढें करावा व पहिलें पाऊल बरोबर टाकावें. जमिनीवर रेघा आंखल्या, किंवा एक-दोन असा ठेका धरला, तर कित्येकांचें अडलेलें पाऊल सुटतें. स्नान, जेवण, फेरफटका यांच्या वेळा ठरवून द्याव्यात, म्हणजे आरंभाचा भार त्यांच्यावर पडत नाहीं.

अलीकडे मुलें पुण्या-मुंबईस आणि आईबाप गांवीं, असेंच पुष्कळ घरीं आहे. "बाबा फोनवर बोलतच नाहींत" अशी तक्रार मग मुलांकडून ऐकूं येते. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, रागावण्यापूर्वीं एकदां घरीं यावें, चार दिवस बाबांचें उठणें-बसणें पाहावें, आणि जें दिसेल तें डॉक्टरांस नीट सांगावें.