गोठविलेले रेत आणि गावचा बोकड

गायीला माज आला की पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावा धाडायचा, हे केरीच्या शेतकरी बंधुभगिनींना नवे नाही. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात ठेवलेली रेताची कांडी येते आणि वळू न पाळताही चांगले वासरू मिळते. मग मेंढी-शेळीला हीच सोय का नाही, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे.

मेंढीची अडचण दुहेरी आहे. ग्लिसरीन मिसळले तरी गोठविताना मेंढ्याच्या शुक्रजंतूंचे आवरण दुखावते. जे जगतात त्यांचेही बळ घटते. त्यात मेंढीचे गर्भाशयमुख वळणावळणाचे, नळी आत शिरत नाही. बाहेरच रेत सोडले तर थोड्याच मेंढ्या गाभण राहतात. म्हणून पोटाला बारीक छेद देऊन, दुर्बिणीने पाहत, रेत थेट गर्भाशयात सोडतात. ऑस्ट्रेलियात १९८० नंतर ही रीत रुळली. तिला निष्णात डॉक्टर आणि महाग यंत्र लागते. चार जनावरे पाळणाऱ्याचे ते काम नव्हे.

म्हणून गोठवणे व्यर्थ, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतला जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. असा गुण जमवायला वर्षे लागतात. एखादी साथ तो आठवड्यात नेऊ शकते. कांडीत राखलेले रेत म्हणजे खाजनातल्या कोरगुट भाताचे कणगीत जपलेले बियाणेच. पण कणगीत पोचट दाणे भरले तर पोचटच उगवणार. गोठवणीने नर सुधारत नाही. आहे तसा टिकतो. म्हणून आधी नोंद हवी: कोणाच्या आईने जुळी दिली, पिल्ले किती जगली, वजन किती भरले. शिवाय घरी पाला-चारा नसेल तर जुळी म्हणजे दोन अशक्त पिल्ले, एवढेच.

मेंढी घाटावरच्या कोरड्या माळाची; आमच्या धुवाधार पावसात तिचे खूर कुजतात, जंत वाढतात. आमचे जनावर शेळी. तिच्या गर्भाशयमुखात नळी पुष्कळदा आत जाते, त्यामुळे गोठविलेले रेत शस्त्रक्रियेविना वापरता येते. आमचे मत असे की, शेळ्या पाळणाऱ्या वाड्यांनी एकत्र येऊन दवाखान्याकडे बोकडाच्या रेतकांड्यांची मागणी करावी. एकट्याच्या शब्दापेक्षा दहा घरांच्या अर्जाला वजन असते.

तोवर एवढे करा. सर्वांनी मिळून एक निवडक, रोगतपासणी केलेला बोकड पाळा. त्याच्या पाठी माजावर येण्याआधी, म्हणजे चार महिन्यांच्या होण्यापूर्वी, त्या वेगळ्या बांधा आणि दोन वर्षांच्या आत बोकड दुसऱ्या गावच्या बोकडाशी बदला. बापलेकींचा संकर होत राहिला तर पिल्ले खुरटतात, मरतात. ते थांबवायला नत्राचे भांडे लागत नाही. शेजाऱ्याशी बोलणे पुरते.