फडमालकीण कांताबाई

तमाशातील स्त्रीविषयी लिहिताना आपली लेखणी घुंगरू आणि नजर यांपलीकडे सहसा जात नाही. 25 मे 2021 रोजी कोरोनाने कांताबाई सातारकर गेल्या, तेव्हाच्या श्रद्धांजलीतही नर्तिका व अभिनेत्रीच अधिक दिसली. ती थोरवी खरीच. लावणीइतक्याच ताकदीने त्या वगात उभ्या राहत आणि पुरुष भूमिकाही, अगदी शिवाजी महाराजांचीही, पेलत. परंतु त्यांची दुसरी कर्तबगारी आपण ध्यानात घेतली नाही. त्या फडाच्या मालकीण होत्या.

1939 साली गुजरातेतील डभोई येथे कष्टकरी कुटुंबात जन्म, बालपण साताऱ्यात. पुढे तुकाराम खेडकरांच्या फडात त्यांनी नाव मिळविले आणि त्यांच्याशीच संसार केला. 1964 मध्ये खेडकर निवर्तले. पदरी मुले असलेल्या या बाईने काही वर्षांतच स्वतःचा फड उभा केला. पुढे पुत्र रघुवीर खेडकर त्यांचे भागीदार झाले.

फड उभा करणे म्हणजे काय? मोठ्या फडावर शंभराहून अधिक माणसे जगतात. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते. तंबू, मालमोटारी, दिवे, वाद्ये सारे आधी. उत्पन्न मात्र दसऱ्यानंतर. पावसाळ्यात दमडीही नाही. कराड-वाळव्याच्या वाचकाला ही उचल परिचित आहे. ऊसतोडीची टोळीही तिच्यावरच येते. फरक इतकाच की, तेथे मागे साखर कारखाना असतो, शेतकऱ्याला पीककर्ज असते. फडमालकाच्या मागे बहुधा सावकारच.

चैत्रातील जत्रा हे या धंद्याचे सुगीचे दिवस. नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या देतात. 2020 साली नेमक्या गुढीपाडव्याला, 25 मार्चला, देशभर टाळेबंदी लागू झाली. सुगी बुडाली, उचलीवरचे व्याज मात्र चालूच राहिले.

विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने शासनाने सुरू केलेल्या जीवनगौरव पुरस्काराच्या पहिल्या मानकरी कांताबाईच. वृद्ध कलावंतांना मानधनही मिळते. हे योग्यच, पण दोन्ही गोष्टी कलावंत थकल्यावर येतात. जिल्हा बँकांनी भाद्रपदात फडांना हंगामी कर्ज द्यावे, सुपारीचे करार तारण मानावेत आणि परतफेड जत्रा संपल्यावर घ्यावी. उभ्या पिकावर कर्ज देणाऱ्या बँकांना हा हिशेब अवघड वाटू नये.