प्रश्न सहाव्या वर्षाचा

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या कुशीत लाखांदूर तालुका आहे. धानाचा मुलूख. त्यातल्या एका गावी, शाळेच्या पटांगणात, महाविद्यालयीन मुलामुलींचे तीन दिवसांचे निवासी शिबिर भरले होते. विषय होता स्वच्छ ऊर्जा आणि युवकांचे नेतृत्व. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे भाषण होते. मी उभा राहिलो आणि वीज गेली. ध्वनिक्षेपक बंद पडला. संयोजकांची धावपळ झाली आणि पाचच मिनिटांत शाळेमागून डिझेलच्या जनित्राचा धडधडाट ऐकू येऊ लागला. मुले आधी हसली, मग गप्प झाली. सूर्यशक्तीचे गोडवे गाणारा फलक डोक्यावर, आणि माझा आवाज डिझेलवर! मी माईक बाजूला ठेवला, जनित्र बंद करायला सांगितले आणि तोंडानेच बोललो. पन्नास-साठ मुलांसाठी तेवढे पुरे होते.

या विनोदाबद्दल संयोजकांना दोष देण्याचा हेतू नाही. मुले खरोखर तळमळीची होती. कुणी नागपूरहून, कुणी भंडाऱ्याहून, कुणी नदीपलीकडच्या वडशाहून आली होती. हवामानबदलाचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. पण प्रत्येक सत्रात ‘नेतृत्व’ हा शब्द जितक्या वेळा आला, तितक्या वेळा माझ्यातला जुना बँक अधिकारी अस्वस्थ होत गेला. कारण ऊर्जेच्या क्षेत्रातले नेतृत्व कसे फसते, हे मी वाचून शिकलेलो नाही. त्या फसण्यावर माझी सही आहे.

गोष्ट १९८६ सालची. मी चोवीस वर्षांचा होतो आणि पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण शाखेत कृषी अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. केंद्र सरकारने १९८१-८२ मध्ये बायोगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला होता. अनुदान होते, कर्ज होते आणि अर्थातच उद्दिष्ट होते. मार्चअखेर इतकी सयंत्रे झालीच पाहिजेत, असे वरून कळवले जाई. मी मोटारसायकल घेऊन गावोगाव फिरलो. बायाबापड्यांना धुराचे तोटे सांगितले, शेणाच्या स्लरीचे खत किती उत्तम ते सांगितले. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. वर्षभरात माझ्या शाखेने उद्दिष्ट पार केले आणि वरिष्ठांकडून कौतुकाचे पत्र आले. तरुण वयात असे पत्र फार गोड लागते.

दोन वर्षांनी वसुलीसाठी मी त्याच गावांत गेलो. एका घरी सयंत्राच्या खड्ड्यात तणस भरलेले होते. लोखंडी टाकी गंजून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. घरधनीण ओसरीवर आली आणि म्हणाली, “सायेब, गॅस त बंद पडला, मग हप्ता काहून चालू हाये?”

या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हते. कर्ज सयंत्र बांधण्यासाठी दिले होते, चालवण्यासाठी नाही. बांधल्याचा दाखला फायलीत होता. मी नोटीस हातात दिली आणि परत आलो. पुढे १९९० च्या कर्जमाफीत ते खाते निकाली निघाल्याचे कळले. कर्ज मिटले, अनुदान खर्ची पडले, कागदोपत्री सगळे नीट झाले. त्या घरातली चूल मात्र पूर्वीसारखीच धुमसत राहिली.

सयंत्र बंद का पडले? कारणे अगदी साधी होती. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागते आणि जवळपास तितकेच पाणी. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. त्या घरी एक बैलजोडी आणि एक गाय होती. त्यातले बैल एका वाईट वर्षी विकावे लागले. उन्हाळ्यात विहीर आटली की शेण कालवायला पाणी कुठून आणायचे? टाकीला दरवर्षी रंग द्यावा लागतो, हे कोणी सांगितलेच नव्हते. बांधणारा गवंडी दुसऱ्या तालुक्यातला होता, तो पुन्हा फिरकला नाही. यातली एकही गोष्ट विज्ञानाच्या पलीकडची नव्हती. फक्त ती विचारणारा कोणी नव्हता. विचारायला हवे होते ते मीच, आणि मी उद्दिष्ट मोजत होतो.

यात तंत्रज्ञानाचा दोष काढता येणार नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये घाणीपासून गॅस तयार करून वापरला जात होता. खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकात तरंगत्या टाकीचे सयंत्र देशभर नेले. शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याला ही विद्या अवगत आहे. जिथे जनावरे, पाणी आणि दुरुस्तीला माणूस या तिन्ही गोष्टी होत्या, तिथे ती टिकली. जिथे त्यांतली एक कमी पडली, तिथे खड्डा उरला.

हे सारे मी मुलांना सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, मग आम्ही शिबिरात यायचेच नाही का?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी महाराष्ट्रातल्या शिबिरांच्या परंपरेकडे पाहावे लागते, आणि ती परंपरा लाखांदूरपासून फार दूर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. कुष्ठमुक्त माणसांनी घडवलेल्या त्या शेतीवर, मे महिन्याच्या उन्हात, शहरातली पोरे कुदळ-फावडे घेऊन उभी राहत. त्यांच्या घामाने विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष भरून निघाला नाही, हे उघड आहे. पण कुदळ हातात धरल्यावर आपल्याला काय येत नाही ते कळते. हे कळणे हा शिबिराचा पहिला लाभ.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. तिचे सात दिवसांचे विशेष शिबिर आणि दत्तक गाव ही कल्पना आज प्रत्येक महाविद्यालयात आहे. कल्पना चांगली; पण पुष्कळ ठिकाणी आठव्या दिवशी काय होते ते आपण जाणतोच. गाव दत्तक, आणि आईबाप पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला! याउलट डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये २००६ पासून चालवलेला ‘निर्माण’ उपक्रम पाहा. तिथे एका शिबिरावर काम संपत नाही. शिबिरांची मालिका असते आणि दोन शिबिरांच्या मधल्या काळात मुलांनी आपापल्या जागी काही करून पाहावे, अशी अपेक्षा असते. मुलीला मी हेच सांगितले. शिबिराला जरूर यावे. मात्र त्याची किंमत दोन शिबिरांच्या मधल्या दिवसांवर ठरते.

आता लाखांदूरकडे येऊ. या मुलखात स्वच्छ ऊर्जा म्हणजे काय? शहरातल्या मुलाला ती हवेतल्या कर्बवायूची गोष्ट वाटते. ती आहेच. आपल्या विदर्भाने देशासाठी पुष्कळ कोळसा जाळला आहे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे, शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचे ३३०० मेगावॅटचे, भंडाऱ्याच्या सीमेजवळ मौद्याचे २३२० मेगावॅटचे. राख आमच्या अंगणात पडते. तरीही इथला धान उत्पादक बारा तास वीज मिळावी म्हणून आंदोलने करत आला आहे. कृषिपंपाला वीज मिळते ती मोजके तास, आणि पाळी रात्रीची असली की शेतकरी कंदील-बॅटरी घेऊन बांधीवर जातो.

रात्रीचा हा फेरा म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वडशाच्या जंगलात ‘सीटी-१’ नावाचा वाघ जेरबंद झाला. त्याआधी त्याने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसे मारली होती. लाखांदूरच्या परिसरानेही ती भीती अनुभवली आहे. जळणासाठी, रानमेव्यासाठी जंगलात जावे लागते आणि पाण्यासाठी अंधारात शेतात जावे लागते. वाघाचा यात दोष काढू नये, पण घरात शेगडी आणि दिवसा पंपाला वीज असेल तर माणसाच्या त्या वाटेवरच्या फेऱ्या कमी होतात. दिवसा चालणारा सौरपंप इथे पर्यावरणाच्या आधी जिवाशी जोडलेला आहे. शिबिरातल्या मुलांनी हे आधी समजून घ्यावे आणि मग जगाच्या तापमानाकडे वळावे.

योजनांची आज टंचाई नाही. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ ची. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते. घराच्या छपरासाठी पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. तिच्यात तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. हे सारे स्वागतार्ह आहे. १९८६ पेक्षा नियमही शहाणे झाले आहेत. सौरपंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे.

माझा प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे. सौर पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, असे सांगतात. पण पंपाचा नियंत्रक, तारा, जोडण्या पंचवीस वर्षे टिकत नाहीत. पावसाळ्यात वीज कोसळते. माकडे पॅनेलवर नाचतात. धूळ साचली की उत्पादन घटते. हमीची मुदत संपल्यावर, ऐन रोवणीच्या दिवसांत पंप थांबला, तर शेतकऱ्याने कोणाकडे जायचे? पुरवठादार कंपनीचा फोन लागेल का? तालुक्याला सुटा भाग मिळेल का? याचे उत्तर आजच तयार नसेल, तर काही वर्षांनी बांधाबांधांवर काचेची स्मारके उभी राहतील आणि कोणी तरी पुन्हा तोच प्रश्न विचारील.

मोठ्या कारखान्याची वाट पाहून हे सुटणार नाही. आमच्याच जिल्ह्यात, मुंडीपारला, भेलच्या प्रकल्पाची पायाभरणी २०१३ मध्ये झाली होती. सौर उपकरणेही तिथे बनतील, अशा घोषणा झाल्या. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तरुणांच्या हाती त्यातून काही आले नाही. दुसरीकडे वर्धा जिल्ह्यात कवठा झोपडी या छोट्या गावातल्या बायकांनी मुंबई आय. आय. टी.च्या मदतीने सौर पॅनेल बनवण्याचा उद्योग उभा केला. त्याच संस्थेने २०१४ पासून गावोगाव सौरदिवे नेले, तेव्हा दिवे जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम स्थानिक माणसांना शिकवले. मुलाचा अभ्यासाचा दिवा बंद पडला तर तो उघडणारा माणूस पंचक्रोशीत असावा, एवढा साधा विचार त्यामागे होता. गोबरगॅसच्या वेळी तो आम्हाला सुचला नाही.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक महाविद्यालयाने दत्तक गाव किमान पाच वर्षे बदलू नये. तिथल्या प्रत्येक सौरपंपाची, छपरावरच्या संचाची आणि गोबरगॅसची एक नोंदवही ठेवावी. केव्हा बसवले, केव्हा बिघडले, दुरुस्तीला किती दिवस लागले, खर्च किती आला. एक तुकडी पदवी घेऊन जाईल, तेव्हा वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सौरपंपाची दुरुस्ती शिकवावी आणि शिबिरातल्या मुलांनी तिथे हात काळे करावेत. बँकांनी कर्ज देताना दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवण्याची पद्धत पाडावी. अशी वही १९८६ मध्ये माझ्या टेबलावर असती, तर मला उद्दिष्टाचा आकडा तितक्या अभिमानाने वर कळवता आला नसता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. या मुलांना परीक्षा आहेत, नोकऱ्यांची चिंता आहे. सरकारने आणि कंपन्यांनी करायची कामे विद्यार्थ्यांच्या गळ्यात का घालायची? घालू नयेत. दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची आणि देखरेखीची सरकारचीच आहे. पण जबाबदारी पाळली गेली की नाही, हे कोणी तरी मोजल्याशिवाय ती पाळली जात नाही, हे छत्तीस वर्षे बँकेत काढल्यावर मी खात्रीने सांगू शकतो. दहा गावांच्या नोंदवह्या घेऊन मुले तालुक्याच्या कार्यालयात गेली, तर त्यांना टोलवणे सोपे नसते. नेतृत्व हा शब्द वापरायचाच असेल, तर मी तो इथे वापरीन.

संध्याकाळी शिबिरातली चार-पाच मुले गावातल्या एका शेतावर गेली. तिथला सौरपंप काही आठवड्यांपासून बंद असल्याचे त्यांना दुपारच्या जेवणाच्या वेळी वाढणाऱ्या बाईंनी सांगितले होते. मीही मागोमाग गेलो. पंप मुलांना सुरू करता आला नाही. एकाने तक्रार क्रमांक कुठे नोंदवायचा ते शोधले, दुसरीने शेतकऱ्याला तारीख विचारून वहीत लिहिली. परतताना अंधार पडला होता. शेतकरी बांधापर्यंत आमच्यासोबत बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, “पुन्हा याल ना?”

मुलांनी होकार दिला. तो त्यांनी पाळला की नाही, हे मला पुढच्या वर्षी त्या वहीतूनच कळेल.