सहीपुरती संचालिका

शेअर बाजारात नोंद असलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर निदान एक स्त्री असलीच पाहिजे, असे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने घातले. सेबीने त्यासाठी मुदत वाढवून १ एप्रिल २०१५ केली. मुदत संपत आली तशी धावपळ उडाली आणि बऱ्याच मालकांनी खुर्चीवर आणून बसवले ते आपल्याच पत्नीला, मुलीला नाहीतर वहिनीला! रकाना भरला, कारभार होता तिथेच राहिला. अखेर सेबीला पुन्हा नियम करावा लागला. पहिल्या ५०० कंपन्यांत १ एप्रिल २०१९ पासून व पहिल्या १००० कंपन्यांत १ एप्रिल २०२० पासून एक तरी स्त्री 'स्वतंत्र' संचालक, म्हणजे मालकाच्या गोतावळ्याबाहेरची, असणे सक्तीचे झाले.

लायक स्त्रिया मिळत नाहीत, ही सबब आम्हाला पटत नाही. अरुंधती भट्टाचार्य यांनी २०१३ ते २०१७ स्टेट बँक सांभाळलीच की. खरी अडचण अशी की बोर्डाची जागा बहुधा ओळखीने भरते, आणि त्या ओळखी होतात तिथे स्त्रियांना शिरकाव नसतो.

व्यापारी बांधव म्हणतील, बड्या कंपन्यांचे आम्हाला काय? आमची यंत्रमागाची शेड बरी. पण आपल्याकडेही भागीदारीच्या किंवा प्रायव्हेट लिमिटेडच्या कागदावर घरातल्या बाईचे नाव असते; करासाठी, कर्जासाठी. कोऱ्या चेकांवर तिच्या सह्या घेतात, खातेवही दाखवीत नाहीत. चेक परत गेला तर सही करणारीवरही खटला होतो, हे तिला कोण सांगतो?

हजरत खदीजा (र.) यांचे नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. त्या मालाच्या मालक होत्या, व्यापारासाठी माणसे स्वतः नेमीत होत्या. कुरआनने सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणारे भाऊ थोडे नाहीत. वाटाच गेला तर पेढीत तिचे मत कोण विचारणार?

मुलगी बी.कॉम. झाली की तिच्या हाती खतावणी द्यावी, जीएसटीचे विवरण भरू द्यावे, सुताच्या व्यापाऱ्याशी भाव तिलाच ठरवू द्यावा. आणि ज्यांच्या फर्मच्या कागदावर आज घरच्या स्त्रीचे नाव आहे, त्यांनी यंदाचा ताळेबंद सहीसाठी पुढे करण्याआधी तिला वाचायला द्यावा.