बारावीला शिकलेलं कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंगला पुन्हा का शिकावं लागतं?

महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावी सायन्समध्ये एक जुना पर्याय आहे, बायफोकल. कॉम्प्युटर सायन्स बायफोकल घेतलं की २०० मार्कांचे दोन पेपर. एकात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं प्रोग्रॅमिंग आणि नेटवर्किंग. (ही चिप इंटेलने १९७६ साली आणली होती, पण तो वेगळा विषय.)

यातले बरेच विषय इंजिनिअरिंगलाही असतात. म्हणजे सतरा वर्षांची मुलं स्टॅक आणि लिंक्ड लिस्ट शिकतात, भरघोस मार्क काढतात आणि दोन वर्षांनी कॉलेजात पुन्हा पहिल्या पानापासून तेच शिकतात. आधी शिकलेलं कुठेच मोजलं जात नाही. त्यामुळे अनेकांसाठी बायफोकल म्हणजे भाषेचा एक पेपर आणि बायोलॉजी टाळून टक्केवारी वाढवायचा मार्ग, एवढंच उरतं.

अमेरिकेत याच प्रश्नावर एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट हा तोडगा आहे. एसएटी परीक्षा घेणारं कॉलेज बोर्डच ही परीक्षा घेतं. कॉम्प्युटर सायन्सची एपी १९८४ पासून आहे. तेव्हा पास्कल भाषा होती, मग सी प्लस प्लस आली, आता जावा आहे. दर्जा विद्यापीठाच्या पहिल्या सेमिस्टरचा. गुण १ ते ५. चांगले गुण असतील तर अनेक विद्यापीठं त्या विषयाचं क्रेडिट देतात किंवा थेट पुढच्या वर्गात बसवतात. परीक्षेची फी साधारण १०० डॉलर. तोच विषय विद्यापीठात घेतला तर खर्च कित्येक पट. अर्थात, किती गुणांना काय द्यायचं हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं.

पण शाळेत एपीचा वर्गच नसेल तर? २०१३ साली मिसिसिपी, मोंटाना आणि वायोमिंग या तीन राज्यांत एकाही मुलीने ही परीक्षा दिली नव्हती. मग २०१६ मध्ये कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स हा दुसरा, जास्त खुला कोर्स सुरू झाला.

भारतात दार थोडं उघडलंय. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएस पदवीसाठी जेईईची अट नाही. अकरावी पास विद्यार्थीही अर्ज करू शकतो. चार आठवडे गणित, स्टॅटिस्टिक्स, कम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्रजी शिकायचं, परीक्षा केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्यायची आणि बारावी झाली की प्रवेश पक्का करायचा. एनपीटीईएलवर तर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत.

अडतं ते क्रेडिटवर. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम्'वरून आणता येतात, पण ही सोय कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळा आणि कॉलेज एकाच शिडीवर आहेत. कागदावर.

महाराष्ट्राला हे जमणार नाही असंही नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक डिप्लोमा केलेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, कारण त्यांचं आधीचं शिक्षण मोजलं जातं. बायफोकलच्या विद्यार्थ्याला अख्खं वर्ष माफ करा असं कुणी म्हणणार नाही. पण एका विषयाची परीक्षा घेऊन, पास झाल्यास त्या विषयातून सूट द्यायला काय हरकत आहे?

तोवर, अकरावी-बारावीत असताना एखाद्या कोर्सच्या सर्टिफिकेटसाठी पैसे भरणार असाल, तर ज्या कॉलेजात जायचंय तिथे आधी एकच गोष्ट विचारा: याचं क्रेडिट मिळेल का? उत्तर 'नाही' असेल, तर तीच लेक्चर्स फुकट बघता येतात.