आणखी वाढू का?

आधीच सांगून टाकतो, मी मोठ्या बशीतल्या लहान घासाची थट्टा करायला बसलेलो नाही. बशीच्या मधोमध रुपयाएवढं काहीतरी ठेवून भोवती हिरवे ठिपके द्यायच्या पद्धतीवर आजवर इतके विनोद झाले आहेत, की बशीतल्या जिनसेपेक्षा त्या विनोदांचंच वजन जास्त भरेल. माझं भांडण निराळं आहे. ज्या जागी पोटच्या पोराला आईची लाज वाटू लागते, त्या जागेला उपाहारगृह म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि ते मी सोडणार नाही.

झालं असं, की आमच्या लग्नाला यंदा पस्तीस वर्षं झाली. असल्या प्रसंगी आम्ही माहीमातल्या माहीमात शितलादेवीला जाऊन येतो आणि येताना हलव्याचा पुडा आणतो. पण यंदा चिरंजीवांना बोनस मिळाला होता. म्हणाले, "बाबा, या वर्षी प्रॉपर डिनर. मॉडर्न युरोपियन." युरोप जुना की नवा याच्याशी मला कर्तव्य नव्हतं, पण पोरगं हौसेनं नेतंय, तर मोडता का घाला? तेव्हा शितलादेवीच्या देवळात जाण्याऐवजी आम्ही त्याच नावाच्या स्टेशनात उतरलो, भुयारी मेट्रो धरली आणि हुतात्मा चौकात वर आलो. हिनं ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. मी बूट घातले होते.

हॉटेलाचं नाव सांगत नाही. एक तर सांगू नये, आणि दुसरं म्हणजे मला ते उच्चारता येत नाही.

आत अंधार होता. माहीमात असा अंधार झाला तर आम्ही बेस्टला फोन लावतो. इथे तो मुद्दाम केलेला होता. बसल्याबसल्या एका पोरसवदा वेटरनं इंग्रजीत विचारलं, "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" प्रश्न पाण्याविषयी होता. आता माहीमच्या माणसाला पाण्याचे दोनच प्रकार ठाऊक: आलेलं आणि गेलेलं. मी चिरंजीवांकडे पाहिलं. त्यांनी "स्टिल" म्हणून वेळ निभावून नेली.

मग 'अम्यूज-बूश' आलं. या फ्रेंच शब्दाचा अर्थ तोंडाची करमणूक. करमणूक एका घासाची होती. मध्यंतराच्या आतच संपली. मागून बीट आलं, तीन रूपांत: भाजलेलं, मुरवलेलं आणि फेसाळलेलं. त्यानंतर रावस. आता खोटं कशाला बोलू? तो तुकडा असा शिजवला होता, की काट्याचं टोक लागताच पापुद्रे सुटावेत. खाली लोण्याचा आंबटसर रस. आमच्या हिनं कोळणींशी घासाघीस करण्यात पस्तीस वर्षं घालवली आहेत. मासळीच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे हायकोर्ट. निकाल लागला: "ताजा आहे. करणाऱ्याचा हात चांगला आहे."

आणि चव आवडली म्हणून तिनं तेच केलं, जे कुठल्याही पंगतीत कुणीही करतं. त्या पोराला म्हणाली, "छान झालंय हो. हा रस थोडा आणखी वाढता का? आणि एखादा पाव?"

पोरगा जागच्या जागी थबकला. लांबून मॅनेजरनं मान वळवली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. चिरंजीव बशीत मान घालून पुटपुटले, "आई, हळू. इथे असं मागत नाहीत."

हिनं पुढे केलेला हात मागे घेतला. नंतर मिठाई येईपर्यंत ती बोलली नाही. शेजारची बाई कुठला काटा उचलते ते चोरून बघायची आणि मग आपला उचलायची. पस्तीस वर्षांत हिला गप्प करणं मला जमलं नव्हतं. ते या जागेनं एका वाक्यात करून दाखवलं. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

आता काही जाणकार म्हणतील, 'अहो, ही युरोपची रीत आहे.' साफ खोटं! अठराव्या शतकात पॅरिसमध्ये 'रेस्टॉरंट' हे जागेचं नाव नव्हतंच, ते एका कढणाचं नाव होतं. अशक्त माणसाला तरतरी यावी म्हणून ते देत. म्हणजे आपली पेजच की! फ्रान्सातल्या बड्या घरांत पूर्वी पुष्कळसे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. एकामागून एक पदार्थ माणसाच्या पुढ्यात आणून ठेवायची तऱ्हा एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि तिला खुद्द फ्रेंच लोक 'रशियन पद्धत' म्हणतात. पुढे १९७३ साली आंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या दोन समीक्षकांनी नव्या फ्रेंच पाककलेचा जाहीरनामा काढला. माल ताजा घ्या, फार शिजवू नका, जड सॉस टाळा, असं त्यात पुष्कळ आहे. पाहुण्याच्या आईला धाक दाखवा, असं कलम त्यात नाही. ते कलम आपण इथे, मुंबईत, पदरचं घातलं आहे.

दुसरे म्हणतील, 'ही कला आहे. चित्रकाराला कुणी आणखी थोडा निळा रंग लाव म्हणतं का?' चित्रकाराला नाही म्हणत. पण गवयाला म्हणतो! बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर पडत आणि ते पुन्हा गात. 'इथे असं मागत नाहीत' असं त्यांनी प्रेक्षकांना ऐकवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. 'आणखी' हा शब्द कलावंताचा अपमान नव्हे, त्याला मिळालेली पावती आहे.

पावतीवरून बिलाची आठवण झाली. जेवण दर माणशी साडेचार हजार, म्हणजे १३,५००. पाणी, न आलेलं आणि न गेलेलं, ९००. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क १,४४०. त्या सेवाशुल्कासकट सगळ्यावर पाच टक्के जीएसटी ७९२. एकूण १६,६३२. पैसे पोराचे होते, त्यानं प्रेमानं दिले असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सेवाशुल्क? सेवा कोणी केली होती, ते मला ठाऊक होतं. मिठाईच्या वेळी हिला थोडा कंठ फुटला, तेव्हा तिनं त्या वेटरला विचारलं होतं, "जेवलास का रे बाळा?" त्यानं आधी मॅनेजरकडे पाहिलं आणि मग हळूच शुद्ध संगमेश्वरी आवाजात म्हणाला, "नाही काकू. बंद झाल्यावर. साडेबारा होतात."

तेव्हा मी मॅनेजरला बोलावलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी बजावलं आहे, की हॉटेलांनी सेवाशुल्क आपणहून बिलात घालू नये. आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरलं आहे. हे सगळं मी खणखणीत मराठीत सांगितलं. चिरंजीव तोवर छतावरच्या दिव्याचा अभ्यास करत होते. बिल १५,१२० वर आलं. वाचले १,५१२. त्यातले पंधराशे मी त्या पोराच्या हातावर ठेवले. बारा रुपये नफा.

माझी मागणी फार मोठी नाही. अंधार ठेवा, फेस ठेवा, बशी परातीएवढी करा. फक्त मेन्यूच्या तळाशी एक ओळ छापा: 'आणखी हवे असल्यास निःसंकोच सांगावे.' त्याचे वेगळे पैसे लावा, माझी हरकत नाही. पण मागणाऱ्याकडे मान वळवून पाहू नका.

परतताना टॅक्सी लेडी जमशेटजी रोडला लागली. या बाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन माहीमचा कॉजवे बांधवला, तो १८४५ साली खुला झाला, आणि त्यावर टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. सेवा म्हणजे काय ते या बाईंना कळलं होतं. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर राहतो, म्हणून मला हे बोलायचा थोडा अधिकार आहे असं मी समजतो.

घरी पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. कुणालाच भूक नव्हती. म्हणजे तसं तिघांनीही एकमेकांना सांगितलं. दहा मिनिटांनी मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर ही आमटी गरम करत होती आणि चिरंजीव ताट घेऊन पाटावर बसले होते. सकाळचा भात, आमटी, वर तुपाची धार. पहिला वाढा त्यांनी मान वर न करता संपवला. मग ताट किंचित पुढे सरकवून म्हणाले, "आई, आणखी..." आणि मध्येच थांबले.

"हळू," मी म्हटलं. "इथे असं मागत नाहीत."

"तुम्ही गप्प बसा हो!" ही कडाडली, आणि त्यानं नको म्हणायच्या आत दोन डाव भात त्याच्या पानात घातला.

मी गप्प बसलो. मनापासून बसलो.