काळ्या टोपाचे चित्र

आमच्या वर्गात चित्रकलेचा तास आला की सगळे तेच चित्र काढतात. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी. आपल्या गावात नदी नाही, खाडी आहे. तरी सगळ्यांची नदीच! मी पण तेच काढायचे.

या वेळी मी आमच्या चुलीवरचा टोप आणि तांब्या काढला. मुले हसली. म्हणाली, भांडी काय कोणी काढतं का?

माझे मत आहे की काढावीत. हायस्कूलला गेल्यावर एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा असते, तिच्यात वस्तुचित्राचा पेपरच असतो. आणि बाईंनी आम्हाला मोबाईलवर फ्रान्स देशातल्या माने नावाच्या चित्रकाराचे चित्र दाखवले. १८८० साली त्याने शतावरीच्या कोंबांची जुडी काढली. आपली शेवग्याच्या शेंगांची असते तशी. बस्स, दुसरे काही नाही. त्याने ८०० फ्रँक सांगितले, घेणाऱ्याने १००० दिले. मग मानेने एकाच कोंबाचे छोटे चित्र काढून पाठवले आणि कळवले, तुमच्या जुडीतला हा एक राहिला होता. माझी आई मासळी विकते. ती पण वाट्यावर एक बोंबील वरून टाकते.

मानेचा मित्र मोने. तो आणि त्याचे सोबती इंप्रेशनिस्ट. १८७४ साली पॅरिसला त्यांनी पहिले प्रदर्शन भरवले, तेव्हा लोक त्यांनाही हसले. मोने सावलीला काळ्याऐवजी निळा, जांभळा रंग लावायचा. बाई म्हणाल्या, तू पण नीट बघ. मी सकाळी बघितले. दारातून ऊन आले तेव्हा टोपाची काजळी काळी नव्हतीच! एका बाजूला निळी, जाळाच्या बाजूला तांबडी. रोज त्यातला भात खाते, पण कधी बघितलेच नव्हते. न बघता काढलेल्या नदीपेक्षा हा टोप मला बरा वाटतो.

आई मात्र रागावली. "काय गो, आपलाच काळा टोप भिंतीवर लावलास? माणसं म्हणतील, हिच्या घरी भांडी घासत नाहीत." पण आई पहाटेच बंदरावर जाते. टोप घासायचे काम माझे आहे. राखेने कितीही घासला तरी चुलीची काजळी जात नाही. आईला कोणी बोलू नये म्हणून मी हे लिहिले.

आलेल्या पालकांनी चित्र जरूर बघावे. खिडकीजवळ लावले आहे. टोपाला डावीकडे निळा रंग आहे, तो चुकून लागलेला नाही.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी